कळंबच्या किनाऱ्यावरचा विंचू

नालासोपारा स्टेशनला उतरून पश्चिमेला निर्मळवरून पुढे गेलं, की सुरूच्या झाडांपलीकडे कळंबचा किनारा लागतो. दिवसा तिथं सहलीची गर्दी असते. पण ऑक्टोबरच्या मध्याला, चंद्र नसलेल्या संध्याकाळी जाऊन बघा. पाऊस सरलेला असतो, आणि साडेसातच्या सुमाराला नैर्ऋत्येला, समुद्राच्या अंगाला, वृश्चिक राशीचा विंचू उतरताना दिसतो.

लालसर, ठळक तारा ती ज्येष्ठा. तिच्या उजवीकडे खाली अनुराधा. डावीकडे वळत गेलेली शेपटी, आणि टोकाला जवळजवळ बसलेले दोन तारे ही नांगी. हेच मूळ नक्षत्र. पंचांगात मूळ धनु राशीत धरतात, पण तारे विंचवाच्या शेपटीतले.

ग्रीक लोकांची गोष्ट अशी, की ओरायन नावाच्या शिकाऱ्यानं 'पृथ्वीवर एकही जनावर ठेवणार नाही' अशी फुशारकी मारली, तेव्हा पृथ्वीनं त्याच्यावर विंचू धाडला. हा ओरायन म्हणजे आपला मृग. तो अजून विंचवाच्या समोर येत नाही. नऊच्या आत ज्येष्ठा बुडते, साडेनऊनंतर नांगी, आणि मृग उगवायला अकरा वाजतात!

यंदा मी पुतणीला मुद्दाम नेलं होतं. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. पण मूळ नक्षत्रावरची म्हणून दोन ठिकाणांहून पत्रिका परत आली. मूळ सासऱ्याला वाईट, ज्येष्ठा थोरल्या दिराला, हे आपण सगळ्याच ऐकत आलो. पण मैत्रिणींनो, जरा हिशेब करा. चंद्र साधारण सत्तावीस दिवसांत सत्तावीस नक्षत्रं फिरतो. म्हणजे सरासरी दर सत्तावीस माणसांत एक मूळावरचं. माझ्या वर्गात 54 मुली आहेत, त्यांत दोघी तरी असतील. मुलगेही तेवढेच जन्मतात. मूळासाठी मुलाची पत्रिका परत गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि ज्येष्ठेचा आपल्याला दिसणारा उजेड सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी निघालेला. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्याच्याही आधी! त्या ताऱ्याला कुणाचा दीर ठाऊक?

जाताना भरतीची वेळ बघा, बॅटरीला लाल कागद गुंडाळा, परतीची रिक्षा आधीच ठरवा. घरात मूळावरची लेक असेल तर तिलाही न्या. तिचं नक्षत्र किती देखणं आहे, ते तिला एकदा दिसू दे.