वहींतलें शहर

शहराचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. शहराचा दिवस लिहिणारा विरळा. गांव कोणी वसविलें, किल्ला कोणी घेतला, पूल केव्हां झाला, हें ग्रंथांत सांपडतें. परंतु त्या पुलावर सायंकाळीं कोण फिरावयास येई, दुधाचा रतीब किती होता, नळाला पाणी किती वाजतां येई, हें विचारावयाचें कोणाला? माझ्या मतें, घरांतल्या जुन्या वहीला.

रोजनिशी हा शब्द आपल्याकडे मूळचा दरबारी. गणेश चिमणाजी वाड यांनीं सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशींतून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभीं छापून निघाले. त्यांत नेमणुका, इनामें, वसूल, निवाडे यांची गर्दी आहे. सातारचे छत्रपति प्रतापसिंह महाराज स्वतः रोजनिशी ठेवीत असत. राज्यकर्त्यानें आपला दिवस टिपून ठेवावा ही गोष्ट थोरच. तरी तो दिवस राजवाड्याच्या सज्जांतून पाहिलेला. पेठेंतल्या गृहिणीचा दिवस पाहावयाचा तर तिच्याच स्वयंपाकघरांत शिरलें पाहिजे.

वर्गांत सॅम्युअल पेपिसची रोजनिशी शिकवितांना मला दरवर्षीं एक गंमत दिसते. १६६६ सालीं लंडन शहराला आग लागली, तेव्हां या गृहस्थानें आपलें मद्य आणि पार्मेझान चीज बागेंत खड्डा खणून पुरून ठेवलें. आगींत काय काय जळलें तें विद्यार्थी परीक्षेपुरतें लक्षांत ठेवतात. चीज मात्र जन्मभर विसरत नाहींत. संकट आलें असतां माणूस काय वांचवितो, यावरून त्याचा संसार कळतो. पेपिसनें हें सारें लघुलिपींत लिहिलें आणि तें छापून निघावयास १८२५ साल उजाडावें लागलें. वाचक डोळ्यांपुढें नव्हता म्हणूनच कदाचित् तो इतकें खरें लिहूं शकला.

माझ्या घराण्यांतही असे दोन पेपिस होऊन गेले. पहिली माझी आत्या. ती साताऱ्यास यादोगोपाळ पेठेंत राहत असे. तिची वही म्हणजे खरें तर जमाखर्चाची. पण रकमांच्या शेजारीं उरलेल्या जागेंत ती एखादें वाक्य लिही. कासचें पाणी आज बारीक आलें. यवतेश्वरावर ढग उतरले, धुणें घरांतच वाळत घातलें. पाहुण्यांबरोबर पावशेर कंदी पेढे दिले. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालें, सुमारें पावणेदोनशें माणसें दगावलीं, सारा सातारा जिल्हा हादरला. आत्यानें त्या तारखेस इतकेंच लिहिलें आहे कीं, पहाटे धरणीकंप झाला, देव फळीवरून खालीं आले, सगळीं माणसें रस्त्यावर होतीं, दूध उशिरां आलें.

दूध उशिरां आलें! प्रथम वाचलें तेव्हां मला हसूं आलें. आतां येत नाहीं. त्या पहाटे, घरें हादरत असतां, कोणी एक गवळी म्हैस पिळून पेठेंत आला होता आणि एक बाई भांडें घेऊन दारांत उभी होती, ही गोष्ट भूकंपाच्या कोणत्याही अहवालांत नाहीं. शहर पडलें नाहीं तें कशामुळें, याचें उत्तर या तीन शब्दांत आहे.

दुसरे माझे मामा. ते सांगलीस हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. दुकानाची खातेवही लिहून झाली कीं घरीं येऊन ते स्वतःची वही उघडीत. दोन्ही गांवें कृष्णेच्याच कुटुंबांतलीं. साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेला वेण्णा भेटते, कऱ्हाडास कोयना, आणि सांगलीच्या खालीं हरिपुरास वारणा. परंतु सातारकर पाऊस लिहितो, सांगलीकर पाणी. आत्याच्या वहींत श्रावण म्हणजे न वाळलेलें धुणें. मामांच्या वहींत श्रावण म्हणजे फूट. १९२९ सालीं झालेल्या आयर्विन पुलाशीं जाऊन पाणी पाहून येणें हा सांगलीकरांचा पावसाळी नित्यनेम. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. आज चाळीस, उद्यां बेचाळीस, असे आंकडे मामा हळदीच्या भावाशेजारीं मांडून ठेवीत.

हरिपूरच्या पेवांविषयीं त्यांनीं बरेंच लिहिलें होतें. जमिनींत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद भरून तोंड बंद केलें कीं ती वर्षानुवर्षें टिके. पेव उघडल्याबरोबर आंत उतरावयाचें नाहीं, आंतली कोंदट हवा अगोदर जाऊं द्यावयाची, अशी त्यांत समज दिलेली होती. २००५ च्या महापुरांत त्यांतलीं पुष्कळ पेवें निकामी झालीं. त्या पुराची खूण मामांनीं गांवभागांतल्या आपल्या भिंतीवर केली, आणि वह्या तिच्याहून हातभर उंच फळीवर ठेवल्या. हिशेबी माणसाचा हिशेब बरोबरच होता. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी आयर्विन पुलाशीं सत्तावन फुटांवर गेलें.

चाळीस वर्षांच्या वह्यांचा लगदा झाला. भाताचा डबा, औषधें आणि मामी एवढें शेजाऱ्यांच्या माडीवर वेळेवर पोंचलें होतें. मीं हळहळ व्यक्त केली, तेव्हां मामा म्हणाले, "अरे, पेवें गेलीं तशी पेवांची वहीही गेली. आतां विचारशील तर सांगेन. पण आठवण भाव चढवून सांगते, वही सांगत नाहीं." पुढल्या महिन्यांत त्यांनीं नवी वही घातली. पहिल्या पानावर फिनेलची किंमत, चिखल काढणाऱ्या मुलांची मजुरी आणि कपाटाचा वास अजून जात नाहीं ही नोंद आहे. ते गेले तेव्हां त्या वहीचीं निम्मीं पानें कोरींच होतीं.

आतां अशा वह्यांची गरज काय, असें माझे तरुण मित्र विचारतात. प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्यें दिवसाचीं पंचवीस छायाचित्रें असतात. खरें आहे. परंतु चित्रांत पाणी दिसतें, वास दिसत नाहीं. दारांतली बाई दिसते, ती कशाची वाट पाहत होती तें दिसत नाहीं. शिवाय चित्र बहुधा दुसऱ्याला दाखविण्यासाठीं काढलेलें असतें. वही कोणालाच दाखवावयाची नसते, म्हणून ती नटत नाहीं.

आपल्या घरीं पोटमाळ्यावर, ट्रंकेंत, देव्हाऱ्याच्या खालच्या खणांत अशी एखादी वही असेल, तर ती रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी. गूळ, केरोसीन, मुलाची फी, अशा ओळींच्या मध्यें आपलें गांव बसलेलें आढळेल. आणि नसेल, तर दूध आज केव्हां आलें एवढें लिहावयास कोणाची परवानगी लागत नाहीं.