थेट जाऊ द्यायच्या वाटा

टेबलावरच्या संगणकात प्रॉक्सी एकदा भरली की काम संपतं, कारण तो संगणक कुठे जात नाही. आमच्या लोकांचे फोन सकाळी मुलुंडला घरच्या वायफायवर असतात, घाटकोपरला मेट्रोत चढले की मोबाइल डेटावर, साकीनाक्याला उतरून ऑफिसात आले की आमच्या नेटवर्कवर. परतताना कुणी बोरिवली स्टेशनवर रेलटेलचं वायफाय लावतं. इंटरनेटवर कुणामार्फत जायचं, याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं. ते फोनला आधीच शिकवून ठेवायचं, हे माझं काम. मला ते मनापासून आवडतं.

अँड्रॉइडवर हाताने भरलेली प्रॉक्सी त्या एका वायफायपुरतीच असते. मोबाइल डेटाचे प्रॉक्सी आणि पोर्टचे रकाने वेगळे, ते एपीएनमध्ये. हचचं व्होडाफोन झालं त्या 2007 च्या सुमाराला वॅपसाठी हेच रकाने भरावे लागत. मोबाइल कंपनीला मेसेज केला की सेटिंग फोनवर यायचं आणि आपण ‘सेव्ह’ दाबायचो. आज एमडीएमने, म्हणजे कंपनीचे फोन दुरून सांभाळणाऱ्या प्रणालीने, मी जे करते त्याचं बीज मला त्या मेसेजात दिसतं.

माझा खरा जीव पॅक फाइलीत आहे. नेटस्केपने 1996 मध्ये आणलेली ही कल्पना अजून टिकून आहे. जावास्क्रिप्टचं एक छोटं फंक्शन असतं. फोन त्याला पत्ता सांगतो, ते उत्तर देतं: अमुक प्रॉक्सीतून जा, नाहीतर थेट जा. ओळींचा क्रम फार महत्त्वाचा. नुसतं नाव बघून निकाल लागेल अशा ओळी मी वर ठेवते. आयपी पत्ता शोधायला लावणाऱ्या ओळी तळाशी, कारण तेवढा वेळ फोन अडून राहतो.

सगळ्यात वर एमडीएमचे स्वतःचे पत्ते आणि ॲपलच्या पुश सेवेचे. तिला 5223 पोर्ट लागतो, तो मिळाला नाही तर ती 443 वर येते. ही वाट बंद झाली तर फोनला दिलेली चूक दुरुस्त करणारा हुकूमही त्याच्यापर्यंत पोचत नाही. विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर कापण्यासारखंच ते.

त्यानंतर बँका, यूपीआय, दवाखाने. हे सगळं थेट. तांत्रिक कारण आहेच: अँड्रॉइड 7 पासून बहुतेक ॲप्स आपण बाहेरून टाकलेलं प्रमाणपत्र मानत नाहीत, त्यामुळे तपासणीच्या प्रॉक्सीतून ती चालतच नाहीत. पण चालली असती तरी मी त्यांना तिथून जाऊ दिलं नसतं. फोन कंपनीचा असेल, पण त्यावर बघितलेला आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट कंपनीचा नाही. या यादीसाठी मी बैठकीत भांडते आणि पुढेही भांडेन.

‘‘ताई, वायफाय लागतंय, पण लॉगिनचं पानच येत नाही,’’ असा फोन स्टेशनवरून आला की मला कारण लगेच कळतं. आयफोन सुपरवाइज्ड, म्हणजे कंपनीच्या जास्त ताब्यात, असेल तरच त्याला सगळीकडे लागू होणारी प्रॉक्सी देता येते, आणि मग तो स्टेशनवरही ऑफिसचीच प्रॉक्सी शोधत बसतो. लॉगिनपुरतं प्रॉक्सी टाळायची परवानगी त्याच प्रोफाइलमध्ये वेगळी द्यावी लागते. पॅक फाइल मिळाली नाही तर थेट जाऊ द्यायचं का, हेही तिथेच ठरतं. फिरतीवरच्या माणसाला मी दोन्ही देते. त्याची ऑर्डर अडकली तर त्याचा दिवस बुडतो.

नवं सेटिंग आधी मोजक्या फोनांवर जातं आणि त्यात विरारकडचा एक तरी माणूस हवाच, कारण वाटेत त्याचं नेटवर्क सगळ्यात जास्त वेळा बदलतं. शुक्रवारी संध्याकाळी मी काहीही सोडत नाही. काही फोन पॅक फाइलीची जुनी प्रत धरून बसतात, म्हणून आधी वायफाय बंद करून पुन्हा चालू करायला सांगते, आणि मगच काय चाललं, काय अडलं ते विचारते.