माफ आणि तहकूब

२९ मार्च २०२० हा प्रायश्चित्तकाळातील पाचवा रविवार होता. रिकाम्या ख्रिस्तमंदिरात, तिपाईवर बसविलेल्या मोबाइलकडे पाहत आम्ही मिस्सा अर्पण केली आणि अखेरीस सूचना वाचून दाखविल्या. दोनच दिवसांपूर्वी रिझर्व्ह बँकेने कर्जदारांसाठी एक सवलत जाहीर केली होती. लोकांना धीर द्यावा या सद्हेतूने आम्ही तिचाही उल्लेख केला. "तीन महिन्यांचे हप्ते माफ झाले आहेत, घाबरू नका," असे आमचे शब्द होते.

हप्ते माफ झालेले नव्हते. ते तहकूब झाले होते, म्हणजे केवळ पुढे ढकलले गेले होते आणि व्याज चालूच राहणार होते. हा भेद आम्हांस ठाऊक नव्हता. त्याहून लज्जास्पद गोष्ट ही, की तो कोणास विचारावा असेही आम्हांस वाटले नाही. मंचावर उभे राहून पंचवीस वर्षे बोलण्याची सवय झालेल्या माणसास आपले अज्ञान ऐकू येईनासे होते.

पुढे सवलतीची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. सप्टेंबरात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ कार्यालयात आले. ते विमानतळानजीकच्या एका हॉटेलात नोकरीस होते. पगार निम्म्यावर आला होता, तरी गाठीशी थोडी शिल्लक असल्याने त्यांना हप्ता ओढूनताणून का होईना, भरता आला असता. आमचे शब्द ऐकून त्यांनी तो थांबविला आणि त्या पैशांतून पावसाळ्यापूर्वी आईच्या जुन्या घराची कौले उतरवून पत्रे घातले. आता बँकेचा कागद त्यांच्या हाती होता. सहा महिन्यांत कर्ज कमी होण्याऐवजी पंच्याऐंशी हजारांनी वाढले होते. "फादर, तुम्ही माफ म्हटलंत ना, म्हणून मी पैसे घरावर घातले," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांस उत्तर तरी देता आले असते.

त्यांना चहा दिला, प्रार्थनेचे आश्वासन दिले आणि ते गेल्यावर बराच वेळ आम्ही तो कागद समोर घेऊन बसलो. त्यातील निम्मे रकाने आम्हांस कळत नव्हते. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकावर आम्ही परीक्षेत उत्तम गुण मिळविले होते. कामगारांच्या न्याय्य वेतनावर आम्ही तासभर बोलू शकत होतो, पण एका कामगाराच्या कर्जाचा कागद वाचू शकत नव्हतो! धर्मग्रामाच्या वित्त समितीचे अध्यक्षपदही आमच्याचकडे होते. वर्षाच्या ताळेबंदावर आम्ही सही करीत असू, पण ती कोठे करायची हे खजिनदार बोटाने दाखवीत.

बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेल्या एक बाई जवळच राहतात. संकोच गिळून आम्ही त्यांच्याकडे गेलो. बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. शिल्लक कर्ज वीस लाख, मुदत वीस वर्षे, व्याज साडेआठ टक्के. महिन्याचे व्याजच चौदा हजारांच्या वर जाते. सहा महिन्यांचे पंच्याऐंशी हजार. हप्ता सुमारे साडेसतरा हजारांचा. तो तेवढाच ठेवला, तर न भरलेल्या सहा हप्त्यांपायी अखेरीस सुमारे तीस हप्ते अधिक भरावे लागतात. व्याजावरील व्याज सरकारने नोव्हेंबरात परत केले हे खरे, पण मूळ व्याज राहिलेच. "सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, फादर," बाई म्हणाल्या आणि मग किंचित हसून, "हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" कोणी सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारले नव्हते.

नेतृत्वविकासाची शिबिरे आम्ही पुष्कळ केली आहेत. रंगीत कार्डे वाटतात, डोळे मिटून आपल्या स्वप्नांचे चित्र काढायला लावतात, दुपारचे जेवण बरे असते. त्यांची आम्ही निंदा करीत नाही. पण हलाखीच्या दिवसांत पुढाऱ्याने स्वतःस सुधारायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे आम्हांस त्या कॅलेंडरच्या पाठीवर अधिक कळले. धर्मग्रामाचे उत्पन्न घटल्यावर आम्ही पहिली कात्री कशास लावली असेल? वाचनालयाच्या मासिकांना. मंदिराच्या रंगकामासाठी राखून ठेवलेल्या रकमेस हात लावला नाही.

त्या हिवाळ्यात कॅनडातील जिमी टॉम्पकिन्स या धर्मगुरूंची हकिकत आम्ही पुन्हा वाचली. सेमिनरीत ती ओझरती ऐकली होती. पूर्वेकडील नोव्हा स्कोशिया प्रांतात, अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाचे ते उपाध्यक्ष होते. विद्यापीठांच्या एकत्रीकरणाच्या वादात त्यांचे धर्माध्यक्षांशी पटले नाही आणि १९२२ च्या अखेरीस त्यांची रवानगी कॅन्सो या समुद्रकाठच्या दरिद्री धर्मग्रामात झाली. त्या वेळी ते बावन्न वर्षांचे होते. त्या वयात बदली म्हणजे काय, हे आम्हां धर्मगुरूंना वेगळे सांगायला नको. माणूस आपली पुस्तके खोक्यांत भरतो आणि पुष्कळदा ती खोकी पुन्हा उघडत नाही.

टॉम्पकिन्सांनी ती उघडली. मासेमाऱ्यांना ते वाचायला देत, प्रश्न विचारीत आणि त्यांच्याकडून मासळीच्या धंद्याची नाडी शिकून घेत. १ जुलै १९२७ रोजी देश राज्यसंघाची साठ वर्षे साजरी करीत असता कॅन्सोच्या मासेमाऱ्यांनी सभा भरवून आपल्या दारिद्र्याचा जाब विचारला. टॉम्पकिन्स त्यांच्या पाठीशी उभे राहिले, प्रकरण वृत्तपत्रांत गाजले आणि त्याच वर्षी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १९२८ मध्ये विद्यापीठाने विस्तार विभाग स्थापन केला. त्याचे प्रमुख झाले टॉम्पकिन्सांच्या नात्यातील फादर मोझेस कोडी. कोडी स्वतः विद्यापीठातले अध्यापक, वय शेहेचाळीस. पण कामास हात घालण्यापूर्वी ते अमेरिकेत आणि कॅनडात हिंडून प्रौढशिक्षण कसे चालते हे पाहून आले. आम्हांस या प्रवासाचे फार कौतुक वाटते.

लगेच १९२९ ची मंदी आली. पैसा नव्हता, म्हणून अभ्यासमंडळे लोकांच्या स्वयंपाकघरांत भरली. वाचायचे, हिशेब मांडायचा आणि मग काहीतरी उभारायचे, असा क्रम असे. कोठे शेवंडे डबाबंद करण्याचा कारखाना निघाला, कोठे सहकारी भांडार. १९३२ मध्ये प्रांताने पतसंस्थांचा कायदा केला. टॉम्पकिन्स १९३५ साली रिझर्व्ह माइन्स या कोळसाखाणींच्या गावी गेले, तेव्हा पासष्टीला आले होते. तेथे त्यांनी धर्मगुरुनिवासातच लोकांसाठी वाचनालय उघडले. पुढे खाणकामगारांच्या एका गटाने घरबांधणीचा आणि कर्जाचा रीतसर अभ्यास केला आणि १९३८ मध्ये स्वतःच्या हातांनी स्वतःची घरे बांधावयास घेतली.

एवढ्या दूर तरी कशाला जावे? आपल्या वसईत मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी बॅसीन कॅथॉलिक बँकेचा पाया घातला तो १९१८ साली. महायुद्धाचे ते शेवटचे वर्ष होते आणि तापाच्या साथीने देश पोखरला जात होता. बँकेच्या समारंभांत त्यांच्या तसबिरीस हार घालताना आम्ही अनेकदा हजर होतो. पण त्यांना जमाखर्च, तारण, जामीन हे सारे कोणाकडून तरी शिकून घ्यावे लागले असेल, हा विचार आमच्या मनात पूर्वी कधी आला नव्हता.

धर्मगुरूने दीक्षेनंतरही अभ्यास चालू ठेवावा आणि मेषपालकीय सेवेस उपयोगी पडणाऱ्या अन्य विद्याही मिळवाव्यात, असे धर्मसंहितेचे २७९ वे कलम सांगते. हे कलम आम्हांस पाठ होते.

२०२१ च्या जानेवारीत निर्बंध सैल झाल्यावर आम्ही शाळेच्या एका वर्गात मंगळवारची संध्याकाळ सुरू केली. त्याआधीच्या रविवारी प्रवचनाच्या आरंभी आम्ही आमची चूक सांगितली. 'माफ' आणि 'तहकूब' हे शब्द फळ्यावर नव्हे, मंचावरून समजावून सांगितले. मंदिरात अवघडलेली शांतता पसरली. एका ज्येष्ठ सभासदांनी नंतर सुचविले की, असे जाहीर बोलल्याने धर्मगुरूचा मान राहत नाही. त्यांचे म्हणणे आम्ही सर्वस्वी खोटे मानीत नाही. त्यानंतर काही दिवस लोक आमच्याशी जपून बोलत. मात्र एरवी कधी न दाखविलेले कागदही घेऊन येऊ लागले.

पहिल्या मंगळवारी सात माणसे होती. बाई शिकवीत आणि आम्ही बाकावर बसून वही लिहीत असू. टेम्पो घेतलेल्या एका फूलवाल्याचे कर्ज 'बारा टक्के' दराचे होते. बाईंनी ते उलगडून दाखविले. एक लाखाला तीन वर्षांचे छत्तीस हजार व्याज आरंभीच मिळवून त्याचे छत्तीस हप्ते पाडले होते. मुद्दल दरमहा घटत असता व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारले होते. घटत्या शिलकीवर पाहिले तर तो दर एकवीस टक्क्यांच्या वर जात होता. फूलवाला काही बोलला नाही. त्याने टोपी काढून बाकावर ठेवली आणि बाईंना ते पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितले.

हॉटेलातले गृहस्थ तिसऱ्या मंगळवारी आले. हॉटेल पुन्हा सुरू झाले होते, पगार अजून पुरता झाला नव्हता. बाईंच्या सल्ल्याने त्यांनी बँकेस अर्ज करून हप्ता दीड हजाराने वाढवून घेतला. त्यामुळे ते वाढीव हप्ते टळून मुदत पुष्कळ खाली येते. तरी त्या दीड हजारांचा भार त्यांच्या घरावर पडला तो आमच्या एका शब्दामुळे, आणि तो आम्हांस उचलता येत नाही. आम्ही तसे त्यांना म्हणालोही. ते म्हणाले, "फादर, पत्रे चांगले बसलेत. आई कोरडी झोपते."

वाचनालयाची मासिके पुन्हा सुरू केली आहेत. रंगकाम राहिले आहे. येत्या मंगळवारी बाई पुतण्याच्या लग्नास जाणार असल्याने चक्रवाढ व्याजाचा धडा आम्ही द्यावा, असे ठरले आहे. वही काढून ठेवली आहे. तिसऱ्या उदाहरणाचे उत्तर अजून जुळत नाही, तेव्हा उद्या पुन्हा बाईंकडे जाणे आले.