कुंझुम बंद असताना

हिवाळ्यात स्पितीला जायला एकच दार उघडं असतं, आणि तेही कधी कधी अर्धंच. मनालीकडून जाणारा जवळचा रस्ता कुंझुम खिंडीवरून जातो. ही खिंड साडेचार हजार मीटरच्या वर, त्यामुळे एकदा बर्फाखाली गेली की उन्हाळ्यापर्यंत वर येत नाही. २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाला तेव्हा आमच्या ट्रेकिंगवाल्या मंडळींपैकी अर्ध्याजणांनी जाहीर करून टाकलं की स्पिती आता बारमाही. पण बोगदा रोहतांगच्या पोटातून जातो आणि कुंझुम त्याच्या पुढे उभी आहे. लाहौलची सोय झाली, स्पिती होतं तिथेच राहिलं. उरतो तो लांबचा वळसा: सिमला, नारकंडा, रामपूर, किन्नौर. सतलजच्या काठाकाठाने थेट तिबेटच्या वेशीपर्यंत जायचं आणि मग डावीकडे वळायचं.

आम्ही निघालो फेब्रुवारीत. चंडीगडच्या त्याच्या मित्राने आपली फोर बाय फोर गाडी दिली. सोबत चाकांना बांधायच्या साखळ्या, फावडं, दोरखंड आणि एक ताकीद: बर्फावर ब्रेकला पाय लावायचा नाही. वाटणी घरूनच ठरली होती. गाडी मी चालवायची, साखळ्या त्याने बांधायच्या. त्याच्या हाताला घाई नाही आणि माझ्या पायाला. म्हणजे ब्रेककडे जायची.

'तो' म्हणजे कोण हे सांगायला हवं. आम्ही दोघंही चाळिशी ओलांडलेले, पुण्यात एकाच सोसायटीत पण वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये राहणारे. त्याचा घटस्फोट झालेला, माझं लग्न राहून गेलेलं. लग्नाचा विषय त्याने एकदाच काढला होता, तोही मिटवायला. ''एकदा करून पाहिलं, पुन्हा नको,'' असं म्हणाला होता. मी चहा गाळत होते. ''बरोबर आहे,'' म्हणाले. साताऱ्याला आई मात्र दर दिवाळीला विचारायची, लोकांना काय सांगू? मी म्हणायचे, सोसायटीतला शेजारी आहे म्हणून सांग.

आणि तरीही या वेळी माझ्या सॅकमध्ये, विरळ हवेवरच्या गोळ्यांच्या पाकिटाखाली, लक्ष्मी रोडवरून घेतलेली चांदीची साधी अंगठी होती. माप तो झोपलेला असताना दोऱ्याने घेतलेलं. ठिकाणही ठरलं होतं: काझाच्या वर चिचमचा पूल. खोल घळीवरचा हा पूल २०१७ मध्ये झाला. त्याआधी चिचमची माणसं दोरावर टांगलेल्या पाळण्यात बसून, हाताने दोर ओढत पलीकडे जायची. अशा जागी विचारलं की नाही म्हणायला माणूस कचरेल, असा माझा हिशोब.

नारकंड्याला देवदारांवर ताजा बर्फ होता आणि रस्त्यावर सिमल्याहून बर्फ बघायला आलेल्या गाड्यांची झुंबड. तिथून सतलजच्या खोऱ्यात उतरलो की बर्फ संपतो आणि धूळ सुरू होते. रामपूरच्या पुढे नदी दिसते कमी, कामाला जुंपलेली जास्त. नाथपा-झाकडीचा १,५०० मेगावॉटचा प्रकल्प, त्याच्या वर कडछम-वांगतू. पाणी बोगद्यांत, पात्रात नुसते धोंडे. किन्नौरची हद्द सुरू झाली की तरंड्याजवळ रस्ता सरळ कड्यात कोरलेला आहे. डोक्यावर खडकाचं छत, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी सुरू केलेल्या हिंदुस्थान-तिबेट रस्त्याचाच हा वारसा. तरंडामातेच्या देवळाशी प्रत्येक ड्रायव्हर थांबतो. मीही थांबले, आणि देवावर विश्वास नसलेला तोही मुकाट्याने खाली उतरला.

कल्पाला पोचलो तेव्हा हिमवर्षाव सुरू होता. सफरचंदांच्या उघड्या फांद्यांवर बर्फ चढत होता. सकाळी ढग फाटले आणि समोर किन्नर कैलास. वर्णनाच्या भानगडीत मी पडणार नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला जास्त रस होता गावातल्या दुसऱ्याच गोष्टीत. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून ओळखले जाणारे श्यामसरन नेगी इथले. ते शाळामास्तर होते. बाकी देशाचं बरंचसं मतदान १९५२ च्या सुरुवातीला झालं, पण तोवर इथले रस्ते बुजणार म्हणून या भागात ते ऑक्टोबर १९५१ मध्येच उरकून घेतलं. २०२२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले. लोकशाहीलासुद्धा बर्फाच्या आधी उरकून घ्यावं लागतं, मग आपण कोण, असं मनात आलं. अंगठी इथेच काढावी का? पण तो तेव्हा चाकांखाली आडवा झाला होता.

साखळी बांधणं हे पाहण्यासारखं काम आहे. आधी ती बर्फावर पसरून पीळ काढायचे. चाकावर टाकायची, आतल्या बाजूचा आकडा आधी, तो दिसत नाही, बोटांनी चाचपून लावायचा. हातमोजे घालून ते जमत नाही. काढले की मिनिटभरात बोटांची शुद्ध जाते. तो आकडा लावायचा, हात काखेत घालून बसायचा, पुन्हा लावायचा. मग मला म्हणायचा, शंभर पावलं पुढे घे. मी घ्यायचे. तो मागून चालत यायचा आणि सैल पडलेली साखळी परत आवळायचा. ही दुसरी आवळणी बरेचजण करत नाहीत आणि तिथेच साखळी निसटून चाकात गुंतते. दर वेळी त्याने ती केली. बर्फ पडत असताना, भूक लागलेली असताना, मी हॉर्न वाजवत असतानाही.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. पूल ओलांडला की रस्ता उघड्या डोंगराच्या अंगावर वेटोळी घेत नाकोकडे चढतो. इथे झाड नाही. ओढ्यांचं पाणी रात्री रस्त्यावर पसरून गोठतं आणि वर भुरभुर बर्फ पडला की खालची काच दिसतही नाही. मलिंगच्या नाल्यात आमची गाडी साखळ्यांसकट हातभर बाजूला सरकली. दरीकडे नव्हे, डोंगराकडे, म्हणून हे लिहिते आहे. मी पहिल्या गिअरमध्ये तशीच धरून ठेवली. तो काहीही बोलला नाही, आणि शेजारी बसलेल्या माणसाने अशा वेळी काही न बोलणं किती दुर्मीळ आहे हे गाडी चालवणाऱ्या बायकांना सांगायला नको. तेवढ्यात मागून रेकाँगपिओ-काझा एसटी आली. म्हणजे हिमाचलची, एचआरटीसीची. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून आम्हाला दुसऱ्या हाताने 'बाजूला व्हा' सांगत निघून गेला.

ताबोला कळलं की पुढचा रस्ता बंद आहे. इथले लोक म्हणतात 'ग्लेशियर आला', म्हणजे डोंगरावरचा बर्फ कडेलोट होऊन रस्त्यावर बसला. काझा जेमतेम पन्नास किलोमीटरवर, आणि डोझर येईल तेव्हा येईल.

अडकायला ताबोसारखी जागा नाही, असं आता म्हणता येतं. इथला मठ इ. स. ९९६ मधला, बाहेरून पाहिला तर मातीचे नुसते ढिगारे, सगळे बुटके, बर्फाने माथे झाकलेले. भिक्खूने कुलूप काढलं आणि बॅटरी लावली. अंधारात भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर, मातीच्या देवता अधांतरी बसलेल्या. एक संपली की बॅटरी दुसरीवर, पुन्हा निळा चेहरा, पुन्हा हिरवा. खाली भिंतभर चित्रं. ताबोला हिमालयातली अजिंठा म्हणतात. औरंगाबादला शाळेची सहल गेलेल्या कुणालाही ते ऐकून आधी हसू येईल. पण अजिंठा दगडात कोरलेली आहे. हे सगळं मातीत उभं केलेलं, वर मातीचंच छप्पर, आणि १९७५ चा किन्नौरचा मोठा भूकंप सोसूनही आत हजार वर्षांचा रंग. भिक्खू सांगत होता की हल्ली हिवाळ्यात बर्फाऐवजी पाऊस पडला तर त्यांना झोप येत नाही. बर्फ झाडून टाकता येतो, पाणी भिंतीत शिरतं.

राहिलो एका घरात. हिवाळ्यात स्पितीत घर म्हणजे एकच खोली, जिथे तंदूर आहे ती. हा तंदूर रोट्यांचा नाही. पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून वर गेलेलं. नळ गोठलेले, पाणी बादलीने आणायचं, वीज गेलेली. शेगडीभोवती सगळे: घरमालकीण, तिची सासू, शाळकरी मुलगा, रस्ता उघडायची वाट पाहणारे दोन टॅक्सीवाले आणि कोपऱ्यात लष्करी हिरव्या जाकिटातला एक गडी. खासगी असं काही नाही. म्हणून आम्ही मराठीत बोलत होतो, अगदी मोकळेपणाने. थुप्पा आळणी आहे. टॅक्सीवाला घोरणार बघ. तुझे मोजे शेगडीपासून लांब ने, म्हातारीला वास मारतोय.

तो तुटलेल्या साखळीची कडी तारेने बांधत बसला होता. ''उद्या नाही उघडला तर परत फिरू,'' म्हणाला. ''तुझा तो पूल पुढच्या वेळी.''

''पुढच्या वेळी नाही चालणार.''

''का? पूल कुठे पळून चाललाय?''

''तिथे तुला एक विचारायचं होतं.''

''मग इथे विचार.'' पक्कड हातात, नजर कडीवर.

मी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मराठी कुणाला कळतंय! ''लग्न करशील माझ्याशी?''

त्याने वर पाहिलं. पक्कड तशीच. तो इतका वेळ गप्प राहिला की मालकिणीने शेगडीत एक लाकूड सारलं. आणि मग कोपऱ्यातून आवाज आला:

''व्हय म्हना की सायेब. त्या इचारत्यात न्हवं?''

हिरव्या जाकिटातला गडी माण तालुक्यातला निघाला. सीमा सडक संघटनेचा, ग्रेफमधला डोझर ऑपरेटर. ग्रेफचं केंद्र पुण्यालाच दिघीला आहे, तिथेच त्याचं ट्रेनिंग झालेलं. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावातला माणूस इथे टनावारी बर्फ उपसत होता. मोज्यांपासून सगळं त्याने ऐकलं होतं. ''आधी का नाही बोललात?'' मी विचारलं. ''बोललो असतो तर तुम्ही सांभाळून बोलला असता,'' तो म्हणाला. ''लई दिवसांनी घरच्यासारखं कानावर पडत हुतं. मोज्यांचं आमच्या घरात बी असंच चालतं.''

''पण तू तर बरोबर आहे म्हणाली होतीस,'' हा इकडे अजून तिथेच. ''मी पुन्हा नको म्हणालो तेव्हा. क्षणभरसुद्धा विचार केला नाहीस. मला वाटलं, तुलाच नकोय.''

''मी चहा गाळत होते.''

''हो,'' तो म्हणाला. मला वाटलं चहाबद्दल म्हणतोय. ऑपरेटरने टाळी वाजवली तेव्हा कळलं.

अंगठी बसली नाही. थंडीने आणि साखळ्यांनी बोटं सुजलेली, शेवटी करंगळीत घातली. पुढचं हिंदी भाषांतर ऑपरेटरने केलं, त्यात स्वतःची भर घालून, कारण टॅक्सीवाले फारच हसत होते. सासूबाईंनी पेटीतून पांढरे खताग, म्हणजे मानाची उपरणी, काढले आणि आमच्या दोघांच्या गळ्यात घातले. मग जवाची अरक आली. ती घशातून उतरताना नेमकी कुठवर पोचली हे समजत राहतं. म्हातारीचा एकच प्रश्न होता, तो नातवाने आमच्यापर्यंत पोचवला: हे अजून लग्न झालेले नव्हते, तर मग भांडत कशावरून होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता निघाला. कापलेल्या बर्फाच्या भिंती दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच, मध्ये एका गाडीपुरती वाट. पलीकडच्या टोकाला डोझरवर आपला माणूस. त्याने पात उचलून आम्हाला सलामी दिली.

काझा, की मठ, किब्बर, सगळं पाहिलं आणि सगळं फोटोत असतं तसंच होतं. चिचमच्या पुलावरही गेलो. वारा असा की शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही ऐकू येईना. मी तिथे विचारलं असतं तर त्याने 'काय?' एवढंच विचारलं असतं.

काझात फोन लागला. आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, ''बरं झालं. गाडी कोण चालवतंय?''

तारखेचा घोळ मात्र परतीच्या वाटेवर ताबोलाच सुटला. आईच्या मनात मे होता. ऑपरेटरला आमंत्रण द्यायला थांबलो तर तो म्हणाला, मे नको, तेव्हा कुंझुम उघडायची असते, माणूस सुटत नाही. नोव्हेंबरात रजा मागता येईल. मी तिथूनच आईला कळवलं: तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे, मग आमचं. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, रस्त्याचं काम आहे.