महालक्ष्म्यांचा स्वयंपाक आणि माझी गोळी

मौद्याला आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन. नैवेद्याला सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पुरण, वडे, कढी. चाळीस वर्षे हा स्वयंपाक मी उपाशीपोटी रांधला. गेल्या वर्षी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली, आरती लांबली आणि हातातले तबक थरथरू लागले. दरदरून घाम फुटला. धाकट्या सुनेने ओळखले, लगेच साखरेचे पाणी पाजले. नैवेद्याआधी तोंडात काही गेले, याचीच मला अधिक लाज वाटली!

यंदा सुनेने आठ दिवस आधी कागद-पेन घेतले. भाज्या निवडणे नागपूरच्या जाऊबाईंकडे, पुरण वाटणे मुलाकडे. (त्याने ते फार सैल केले, ती गोष्ट निराळी.) मला खुर्चीत बसून मीठ-तिखट सांगण्याचे काम. ते मला मुळीच रुचले नाही. दोन दिवस मी सुनेशी धड बोलले नाही. गोळीची वेळ मात्र डॉक्टरांना विचारून ठरवली होती. पूजेच्या सकाळी तिने दूध-पोळी पुढे ठेवली.

"आई, देवी काही रागवायची नाही."

मी मुकाट्याने खाल्ली. दुपारी आरतीचे तबक माझ्याच हाती होते.