कमाटीबागेत, पोरांशिवाय

कमाटीबागेतलं म्युझियम म्हणजे पोरांना न्यायची जागा, असं आपल्या बडोद्यात पक्कं ठरलेलं आहे. ममी बघायची, व्हेलचा सांगाडा बघायचा (१९४४ साली महीच्या मुखात वाहत आलेला, ७२ फुटी), की मंडळी बाहेर. आमची आई तर आतही येत नसे. बाकावर पिशव्या सांभाळत बसायची. "मला दहावी पासला काय कळतंय त्यातलं?"

सयाजीरावांनी १८८७ मध्ये हे म्युझियम स्थापन केलं. १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणाऱ्या राजाने ते फक्त मुलांसाठी काढलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

गेल्या महिन्यात पोरं शिबिराला गेली होती. मी आईला एकटीलाच घेऊन गेलो. सगळं बघायचं नाही, फक्त अकोट्याच्या कांस्यमूर्ती बघायच्या, असं ठरवलं होतं. अकोटा म्हणजे आपलंच. दांडिया बाजारातून पूल ओलांडला की आलं. तिथे जमिनीत जुन्या जैन मूर्तींचा साठा सापडला होता. त्यातल्या जीवंतस्वामींपुढे आई थांबली ती हलेचना. मूर्ती सहाव्या शतकाच्या आसपासची.

"अरे, हा ध्यानाला उभा आहे ना? मग डोक्यावर मुकुट कसा? अंगावर दागिने कसे?"

मी सवयीने मोबाइल काढला. "ठेव तो खिशात, आधी बघू दे," आई म्हणाली. आम्ही पंधरा-वीस मिनिटं तिथेच होतो. इतका वेळ मी ऑफिसात एखाद्या बगलाच देतो.

उत्तर शेजारच्या जैन बेनकडून मिळालं. हे दीक्षेपूर्वीचे महावीर. अजून राजपुत्र आहेत, म्हणून मुकुट. पण मन आधीच विरक्त, म्हणून ध्यान. पुढे वाचनात आलं की पीठावरच्या लेखाप्रमाणे ही मूर्ती एका श्राविकेने दान दिली होती. ते ऐकल्यावर आईने विचारलं, "तिला लिहिता-वाचता येत असेल का रे?" याचं उत्तर बेनकडेही नव्हतं.

आता चित्रदालनाचा नंबर आहे. इमारत १९१४ मध्ये तयार होती, पण महायुद्धामुळे चित्रं युरोपातच अडकली आणि दालन १९२१ मध्ये उघडलं. इतकी वर्षं ती कुठे ठेवली होती, हे आईला जाणून घ्यायचंय. बेनही येणार आहेत.