चौथे चाक

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. इटलीच्या फियाट ११०० चे भारतीय रूप पुढे याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडले. १९७४ पासून ते 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखले गेले. वडिलांची फियाट त्या नामांतरापूर्वीची. तिच्या एका चाकाची मधली टोपी हरवली आहे. सोलापुरातल्या गॅरेजांत ती मिळाली नाही, म्हणून मुंबईच्या चोरबाजारात गेलो. दुकानदाराने विचारले, "ओरिजिनल म्हणजे कुठली? इटलीची की कुर्ल्याची?"

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न सहज सोडता येत नाही. भाषांतरालाही स्वतःची पहिली आवृत्ती असते. वडिलांनी जपली ती कुर्ल्याची प्रत; तिच्यापुरती इटलीची टोपी, मूळची असूनही, परकीच. इथला एक लेथवाला हुबेहूब टोपी करून द्यायला तयार आहे. पण प्रक्षिप्त ओवी कितीही चपखल बसली, तरी ती कवीची होत नाही. जुनी टोपी मिळेपर्यंत ते चाक उघडेच राहील. पोथीतली झडलेली अक्षरे संपादक आपल्या मनाने भरत नाही; तेवढी जागा कोरी सोडतो.